कतिरच्या नावाचं पाणी

कोलंबोहून आलेल्या मॅडमनी फळ्यावर एका बाजूला युद्ध आणि दुसऱ्या बाजूला शांतता असं तिन्ही भाषांत लिहिलं आणि पोरांना म्हणाल्या, आता चित्रं काढा. शांततेच्या बाजूला सगळ्यांनी कबुतरं काढली. दक्षिणेकडून आलेल्या पाहुण्या पोरांनीही काढली आणि इथल्यांनीही. खरं तर या खाडीकाठच्या गावात कबुतर औषधालाही सापडायचं नाही. आहेत ते बगळे, आणि मासळीवर टपलेले कावळे. पण बगळा काढला तर शाबासकी मिळत नाही, हे पोरांना शिकवावं लागत नाही. युद्धाच्या बाजूला पाहुण्यांनी विमानं आणि रणगाडे काढले, टीव्हीवर दिसतात तसे. इथल्या पोरांनी चौकोनी खड्डे काढले, आत माणसं दाटीवाटीने बसलेली, वर ताडाचे ओंडके टाकलेले. मॅडमना ती घरं वाटली. "किती छान घर आहे गं तुझं," असं त्या एकीला म्हणाल्याही.

तेनमोळीने कबुतराची चोच लाल रंगवली आणि युद्धाची बाजू कोरी ठेवली. मॅडमनी गोड आवाजात विचारलं, "तुला काही आठवत नाही का, बाळ?" ती "नाही" म्हणाली. युद्ध संपलं तेव्हा ती सहा वर्षांची होती, आता नववीत होती, आणि तिला सगळं आठवत होतं.

या प्रकाराचं नाव होतं मैत्री सप्ताह. सप्ताह म्हणायचा, कार्यक्रम चार दिवसांचा. दक्षिणेत मातरजवळच्या एका शाळेतली सिंहली मुलं इथल्या तमिळ मुलांच्या घरी राहायची, त्यांच्या पंगतीला जेवायची, आणि शेवटच्या दिवशी शाळेच्या सभागृहात आपण काय शिकलो ते बोलून दाखवायचं. बेत झकास होता. मुलांसाठी घरं शोधायचं काम कनगसबै मास्तरांच्या गळ्यात पडलं, कारण दोन्ही भाषा येणारा गावातल्या मोठ्यांत तेवढाच एक शहाणा. ते दारोदार फिरले. कुणी म्हणालं घरात जागा नाही, कुणी म्हणालं संडासाला दार नाही. एका म्हाताऱ्याने तर सरळ सांगितलं, "मास्तर, ज्यांनी घर पाडलं त्यांच्या पोरांना त्याच घरात पाहुणचार? तुमचं डोकं ठिकाणावर आहे ना?"

पाक्कियमच्या दारात जायचं मास्तरांच्या मनातही नव्हतं. तीच शाळेच्या फाटकाशी येऊन उभी राहिली. पाक्कियम म्हणजे तेनमोळीची आई.

"मास्तर, त्या पोरांत कुणाचा बाप पलटणीत आहे का?"

मास्तर चपापले. "असतील दोघातिघांचे. तसलं पोर तुझ्याकडे नको, एवढंच ना? पाठवत नाही, काळजी करू नकोस."

"उलटं म्हणतेय मी. तसलंच पाठवा."

मास्तर काय समजायचं ते समजले आणि वहीत तिचं नाव लिहून घेतलं. त्यांनी तेव्हाच नाही म्हणायला हवं होतं. पण घरं कमी पडत होती.

गावात एक रीत होती. युद्धाच्या शेवटच्या दिवशी लष्कराने पुलापाशी भोंग्यावरून पुकारलं होतं, तमिळ बंडखोरांच्या चळवळीत जो एक दिवस जरी होता त्याने पुढे यावं, नाव सांगावं, चौकशी करून सोडून देऊ. ज्या आयांनी आपली पोरं त्या रांगेत स्वतःच्या हाताने उभी केली, त्यांच्यासमोर त्या पोरांबद्दल कुणी "होता" म्हणायचं नाही. शेजारीण विचारायची, "तुझा कतिर आता केवढा गं?" आणि पाक्कियम सांगायची, "पंचविसावं लागलं." कतिरला चळवळीने शेवटच्या महिन्यांत घरटी एक या हिशेबाने उचलून नेलं होतं, तेव्हा तो बारावीत होता. तिथून पळून आला, आईच्या पदराआड लपला, आणि आईनेच त्याला पुढे ढकललं. "जा, खरं काय ते सांग, चार दिवसांत घरी येशील." तो बसमध्ये चढला. खिडकीतून त्याने तेनमोळीला वेडावून दाखवलं. त्यानंतर बस नाही, पोरगा नाही, कागद नाही.

पाक्कियम मरणाला घाबरणारी बाई होती असं मात्र समजू नका. नवरा तिच्या डोळ्यांसमोर तोफगोळ्याने गेला, तेव्हा तिने स्वतः खड्डा खणला, कपाळ पुसलं, आणि आजही दर वर्षी त्याच्या तिथीला पान वाढते. कतिरची गोष्ट वेगळी. त्याच्या वाढदिवसाला ती अम्मनच्या देवळात अर्चना करायची, पुजारी त्याचं नाव आणि नक्षत्र घेऊन फुलं वाहायचा. अर्चना जिवंत माणसाच्या नावाने होते, मेलेल्याच्या नाही. रस्त्याच्या कडेला बेपत्तांच्या आयांनी धरणं धरून तंबू ठोकला, तेव्हापासून ती रोज सकाळी तिथे जाऊन बसायची. घरी आली की भात टाकायची, अंगण झाडायची आणि तेनमोळीकडे बघितल्यासारखं करायची. पोरगी समोर आहे, धडधाकट आहे, तिला काय शोधायचं आहे? जे हाताशी आहे त्याच्याकडे तिचं लक्षच जायचं नाही.

मास्तरांनी पाठवलेली दिनिती आली ती दोन वेण्या घालून, तेलात तळलेल्या गोड काव्हूमचा डबा घेऊन. दारात पाऊल टाकल्याबरोबर तिने गुडघे टेकले, हात जोडले आणि पाक्कियमच्या पायांवर डोकं ठेवलं. त्यांच्याकडे थोरामोठ्यांना असंच करतात. कुंपणावरून बघणारी शेजारची रासम्मा खदखदून हसली.

"बघा गं बायांनो! पलटणवाल्याची लेक पाक्कियमच्या पाया पडतेय! आता सरकारही पडेल!"

"तू गप, भवाने," पाक्कियम म्हणाली, आणि पोरीला उठवताना तिचा हात तिच्या डोक्यावर जरा जास्तच वेळ राहिला. तेनमोळीने ते पाहिलं.

दुभाषीपण तेनमोळीकडे होतं. युद्ध संपल्यावर तारेच्या कुंपणातल्या छावणीत, पाण्याच्या रांगेत, शिपायांच्या तोंडून ती सिंहली शिकली होती आणि शाळेत पहिला नंबर काढायची. दिनितीची तमिळ अशी, की तिच्यावर अर्धा नारळही विकत मिळाला नसता. रात्रीच्या जेवणाला पाक्कियमने खेकड्याचा रस्सा केला होता. घरात खेकडा शेवटचा कधी शिजला ते तेनमोळीला आठवत नव्हतं. जेवता जेवता दिनितीने मोबाइलवर घरचे फोटो दाखवले. एका फोटोत तिचा बाप लष्करी गणवेशात लॉरीला टेकून उभा होता.

पाक्कियमचा घास हातातच राहिला. ती ताकाला जाऊन भांडं लपवणारी बाई नव्हती.

"विचार तिला. बाप गाड्या चालवायचा का?"

तेनमोळीने विचारलं. हो, लॉरी चालवायचा, आता निवृत्त झालाय, रिक्षा चालवतो.

"बस पण चालवायचा का विचार. त्या मे महिन्यात आपल्या पुलापाशी होता का विचार. बसमधली पोरं कुठे नेऊन उतरवली? नाव सांग. कतिरवन म्हणावं, उंच आहे, डाव्या भुवईवर खोक आहे. विचार ना गं, तोंडात काय मिठाची गुळणी धरलीयस?"

तेनमोळीने दिनितीकडे पाहिलं. तिखटाने तिचं नाक वाहत होतं, ओठ लाल झाले होते, आणि ती खेकड्याची नांगी फोडायचा मनापासून प्रयत्न करत होती. ही पोरगी पण तेव्हा सहाच वर्षांची होती. हिला विचारायचं, तुझ्या बापाने माझ्या भावाला कुठे नेऊन टाकलं? आणि तिने उद्या बॅग उचलून मास्तरांकडे रडत जायचं? शाळेत सगळे काय म्हणतील? तेनमोळीला लाज वाटली, आईची वाटली. त्याहूनही खरं सांगायचं तर तिला कंटाळा आला होता. प्रत्येक अनोळखी माणसाला, प्रत्येक साहेबाला, प्रत्येक परदेशी पाहुण्याला तोच फोटो, तीच भुवई. आठ वर्षं.

"अम्मा काय विचारतेय?" दिनिती म्हणाली. तिने भिंतीकडे बोट केलं. "तो मुलगा कोण?"

भिंतीवर कतिरचा शाळेतला फोटो होता. त्याला हार नव्हता, पुढे दिवा नव्हता. तमिळ माणूस असता तर हार नाही एवढ्यावरूनच काय ते समजला असता. दिनितीला ते कळायचं काही कारण नव्हतं.

"माझा भाऊ, कतिरवन," तेनमोळी सिंहलीत म्हणाली. "युद्धात मेला."

हे वाक्य तिने जन्मात कधी उच्चारलं नव्हतं. परक्या भाषेत ते सहज निघालं. उच्चारल्यावर घर कोसळलं नाही, दिवा विझला नाही. उलट तिला बरं वाटलं, इतकं बरं वाटलं की तिने पटकन ताटात मान घातली.

"काय म्हणाली ती?" पाक्कियमने विचारलं.

"बाबांना विचारून सांगते म्हणाली."

एकाच घासाला दोन खोट्या गोष्टी. पण पाक्कियमच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते बघून मागे फिरायची तिची हिंमत झाली नाही.

दुसऱ्या दिवशी पाक्कियम तंबूत गेली नाही. खाडीवर जाऊन कोळंबी आणली. दिनितीला समोर बसवून तिच्या केसांना तेल लावलं, वेणी घातली, आणि वेणी घालताना गुणगुणलीही. तेनमोळी शाळेचा गणवेश धूत होती. तिने साबण असा आपटला की तो उडून चिखलात पडला. आठ वर्षांत अम्माने तिच्या केसाला हात लावला नव्हता. तिची वेणी तीच घालायची, वाकडी भांग पाडून. तिला दिनितीचा राग आला आणि मग त्या रागाचीही लाज वाटली, कारण बिचारी दिनिती वळून वळून तिच्याकडे बघून हसत होती, बघ तुझी आई किती चांगली आहे, असं.

संध्याकाळी दोघी विहिरीवर गेल्या. दिनितीने आपल्या बाप्पाची गोष्ट सांगितली. बाप्पा म्हणजे तिचा धाकटा काका. तोही पलटणीत होता, याच बाजूला कुठेतरी मारला गेला होता.

"पेटी आली घरी, सील केलेली. उघडायची नाही असा हुकूम होता. आजी नखांनी झाकण ओरबाडत होती. अजून म्हणते, आत वाळूच भरली असेल."

"मग?"

"मग काय. दर वर्षी देवळात दान देतो. भिक्खूंना जेवण वाढायचं, आणि मग एका भांड्यात दुसरं भांडं ठेवून, वरून सगळ्यांनी हात लावून पाणी ओतायचं, काठोकाठ भरून सांडेपर्यंत. ते पुण्य मेलेल्याला पोचतं. त्या दिवशी आजीला झोप लागते. उद्याच आहे बाप्पाचं दान. मी पहिल्यांदाच घरी नाहीये." तिने पोहरा सोडला. "तुम्ही तुझ्या दादासाठी काय करता?"

"काही नाही."

"काहीच नाही?" दिनितीचे डोळे मोठे झाले. "मग त्याला पुण्य कोण देतं? तो तसाच उपाशी फिरत असेल ना! दाराशी येऊन उभा राहत असेल, आणि कुणी काही देत नसेल."

"आमच्यात नसतं तसं," तेनमोळी म्हणाली. तिने घागर उचलली आणि चालायला लागली. दिनिती मागे राहिली. थोड्या वेळाने ती रस्त्याच्या उंचवट्यावर, जिथे मोबाइलला रेंज मिळते तिथे उभी दिसली. हातवारे करत बराच वेळ बोलत होती. पोरीला घरची आठवण येत असेल, असं तेनमोळीला वाटलं.

"काय म्हणाला बाप?" पाक्कियमने घागर उतरवायच्या आत विचारलं.

"अजून लागला नाही फोन."

"आता तर बोलत होती ती."

"आईशी बोलत होती. बाबा भाड्यावर गेलेत."

रासम्मा कुंपणावरून म्हणाली, "पाक्कियम, एवढी कोळंबी आम्हाला कधी खाऊ नाही घातलीस गं."

"तुझा नवरा पलटणीत नव्हता ना," पाक्कियम म्हणाली, आणि दोघी हसल्या. तेनमोळीला आईचं हसणं ऐकून धडकी भरली. उद्या, परवा, ही पोरगी निघून जाईल. मग आईला काय सांगायचं? बाबांना माहीत नव्हतं म्हणून सांगायचं. त्यात काय, आजपर्यंत सगळ्यांनी तेच सांगितलं. आई पुन्हा तंबूत जाऊन बसेल. असं तिने मनाशी ठरवून टाकलं आणि तिला थोडं हलकं वाटलं.

तिसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर दिनिती पाक्कियमसमोर येऊन बसली. हातावर काहीतरी लिहून पाठ केलं होतं, ते चोरून बघत तिने तमिळ जुळवली.

"अम्मा. उद्या. शाळेत या. कतिर अण्णा... त्याच्यासाठी... माझ्या घरून."

पाक्कियमने तिची दोन्ही मनगटं धरली. "घरून? तुझ्या बापाकडून?"

"बाबा, आई, आजी," दिनिती मान डोलवत म्हणाली. "सगळे."

तेनमोळी भांडी घासत होती. तिने सिंहलीत घाईघाईने विचारलं, "काय आहे गं? काय सांगणार आहेस?"

"आत्ता नाही. उद्या. अम्माला किती बरं वाटेल बघ."

पाक्कियमने ट्रंक उघडली. तळाशी कागदात गुंडाळलेली निळी साडी काढली, झटकली, दोरीवर टाकली. तिचे हात थांबत नव्हते. सकाळी दिनिती आरशासमोर आपलं भाषण पुटपुटत होती, तेव्हा तेनमोळी तिच्या मागे जाऊन उभी राहिली. दिनिती, मी तुला खोटं सांगितलं, एवढंच म्हणायचं होतं. तोंड उघडलंही. तेवढ्यात अम्मा जास्वंदीचं फूल घेऊन आली आणि दिनितीच्या वेणीत खोचू लागली. तिचे डोळे असे झाले होते की तेनमोळीने तोंड मिटलं. माणूस एवढा भित्रा असतो हे तिला त्या सकाळी पहिल्यांदा कळलं.

सभागृहात पुढच्या रांगेत खुर्च्यांवर साहेब लोक, मॅडम, दक्षिणेचे शिक्षक. मागे बाकांवर गाव. पाहुण्या मुलांनी ढोल वाजवून नाच केला, इथल्या मुलींनी डोक्यावर कलश घेऊन केला, एकीचा कलश पडला आणि सगळ्यात मोठ्या टाळ्या तिलाच मिळाल्या. मग एकेक मूल येऊन आपण काय शिकलो ते सांगू लागलं. आम्ही सगळे एकाच देशाची फुलं आहोत, असं तिघांनी सांगितलं. कनगसबै मास्तर माइकपाशी उभे राहून इकडचं तिकडे, तिकडचं इकडे करत होते. पाक्कियम पहिल्या बाकावर अगदी टोकाला बसली होती, उठायला सोपं जावं म्हणून.

दिनिती आली. कागद न बघता बोलली.

"मी तेनमोळीच्या घरी राहिले. तिथल्या अम्माने मला माझ्या आईसारखं सांभाळलं. माझा बाप्पा युद्धात मेला. तेनमोळीचा भाऊ पण युद्धात मेला."

पाक्कियमचा कतिर कोण हे मास्तरांना माहीत होतं, तो त्यांच्याच वर्गात होता. त्यांनी पाण्याची बाटली उचलली, घोट घेतला, खाली ठेवली. मॅडम खुर्चीतून हळूच म्हणाल्या, "सांगा ना, मास्तर." मास्तरांनी सांगितलं. पण आवाज इतका उतरला की मागच्या बाकावरून कुणीतरी ओरडलं, "ऐकू येत नाही!" आणि त्यांना पुन्हा सांगावं लागलं.

सभागृहातलं गाव गप्प झालं. दिनितीला वाटलं, ऐकताहेत. ती पुढे म्हणाली, "मी आईला फोन केला. काल आमच्या देवळात बाप्पाचं दान होतं. भिक्खूंना सांगून आम्ही दोन नावं घेतली. बाप्पाचं आणि कतिरवनचं. आजीने दोघांसाठी पाणी ओतलं. आता त्यालाही पुण्य पोचलं. आता तो कुठे भटकणार नाही, अम्मा. त्याला पुढचा चांगला जन्म मिळेल."

मास्तरांनी भाषांतर संपवायच्या आतच पाक्कियम उठली होती. ती रडली नाही, ओरडली नाही. सरळ चालत माइकपाशी गेली.

"मास्तर, विचारा तिला. तिच्या बापाने पाहिलं का?"

"पाक्कियम, घरी जाऊन बोलू आपण."

"विचारा म्हणते ना! तिच्या बापाने पाहिलं? कुठे पाहिलं?"

मास्तरांनी विचारलं. दिनिती गोंधळली. तिने एकदा पाक्कियमकडे, एकदा मास्तरांकडे बघितलं. "बाबांनी नाही. मला तेनमोळीने सांगितलं. पहिल्याच दिवशी."

पाक्कियम वळली. तेनमोळी मुलींच्या रांगेत कडेला उभी होती. आता थोबाडीत बसणार म्हणून तिने डोळे मिटून घेतले. काहीच बसलं नाही. डोळे उघडले तर अम्मा तिच्यासमोर उभी होती आणि तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. ती तेनमोळीकडे बघत होती. फोटोकडे बघते तशी, डोळ्यांत डोळे घालून, पुरती बघत होती.

"तुला कुणी सांगितलं?" पाक्कियमने खालच्या आवाजात विचारलं. "कुणी पाहिलं त्याला? मी रागावणार नाही, पोरी. तुला माहीत होतं आणि तू मला घाबरून बोलली नाहीस, होय ना? मी काही म्हणणार नाही. फक्त कुठे ते सांग. एवढंच सांग, कुठे."

तेनमोळीच्या लक्षात आलं की आता सगळं तिच्या जिभेवर आहे. हो म्हणायचं. कुणीतरी पाहिलं म्हणायचं, बाजारात एक माणूस भेटला होता, त्याने सांगितलं. अम्मा ऊर बडवून घेईल, जमिनीवर लोळेल, मग समुद्रावर जाऊन क्रिया करेल, आणि एक दिवस उठून दोघींचा भात टाकेल. तंबू नाही, साहेब नाही, फोटो नाही. एका खोट्यात आठ वर्षं संपली असती. दिनितीची आजी झोपली तशी अम्माही झोपली असती. पण अम्मा "मेला का" असं विचारतच नव्हती. ती विचारत होती, कुठे. आज एक जागा सांगितली की उद्या ती कुदळ घेऊन तिथे जाणार. तिथे काही नाही मिळालं की पुन्हा तेनमोळीसमोर येऊन उभी राहणार. आणि खरं तर तेवढंही नव्हतं. त्या दुसऱ्या भाषेत जे इतकं सोपं गेलं, ते आईच्या भाषेत, आईच्या तोंडावर म्हणायची तिच्यात ताकद नव्हती.

"खोटं बोलले, अम्मा," ती म्हणाली. "मला कुणी काही सांगितलं नाही. मला काही माहीत नाही."

"मग असं का सांगितलंस तिला?"

"उगाच. तोंडाला येईल ते बोलले."

"उगाच?"

"हो. उगाच."

पाक्कियमच्या तोंडून श्वास सुटला. ती हसली. खरोखर हसली, सगळं तोंड भरून, आणि दोन्ही हातांनी लेकीला ओढून तिने छातीशी धरलं. तेनमोळीचं नाक तिच्या खांद्यात दबलं, निळ्या साडीला कापराचा वास येत होता. अम्माचा हात तिच्या केसांतून फिरत होता, वाकड्या भांगावरून, पुन्हा पुन्हा. या हातासाठी तिने आठ वर्षं वाट पाहिली होती. तो मिळाला तो तिचा भाऊ मेलेला नाही म्हणून, ती खोटारडी निघाली म्हणून. तिला रडू फुटलं आणि आवरेना.

पुढच्या रांगेतल्या पाहुण्यांना यातलं एक अक्षर कळलं नव्हतं. त्यांना दिसली ती रडणारी मुलगी आणि तिला पोटाशी धरून हसणारी आई. मॅडमनी रुमालाने डोळे टिपले आणि टाळ्या वाजवायला सुरुवात केली. साहेब लोक उठून उभे राहिले, त्यांनीही वाजवल्या. फोटोवाला धावत पुढे आला. मागच्या बाकांवरच्या बायकांचे हात मांडीवरच होते. दिनिती माइकपाशी एकटी उभी होती आणि मास्तरांना विचारत होती, "मी काही चुकीचं केलं का, सर?" मास्तर माइकची वायर गुंडाळत होते.

टाळ्या वाढत गेल्या. पाक्कियमने लेकीच्या कानाशी तोंड नेलं.

"पुन्हा सांग," ती म्हणाली.

"खोटं बोलले, अम्मा."

"पुन्हा सांग."